४०७च्या केबिनमध्ये अभंग ऐकू येत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमचं कुळागर आहे. माझं वय ५२. बाबांनी २००४ साली घेतलेली टाटा ४०७ अजून मीच चालवतो. नारळ, सुपारी, केळी घेऊन कधी म्हापसा, कधी मडगाव, रविवार सोडून रोज. बाबांचा कॅसेट प्लेअर कधीच बंद पडला. नंतर स्वस्तातला यूएसबीचा स्टिरिओ बसवला, पण फर्मागुढीचा चढ लागला की त्यातलं काही ऐकू येत नाही. आवाज वाढवला तरी शब्द कळत नाहीत. मी गावच्या भजनी मंडळात गातो. रस्त्यात अभंग, नाट्यपदं ऐकावीत, चाली घोकाव्यात एवढीच हौस. दुकानदाराने ४८ हजारांचा हिशेब दिला आहे: मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ, डोक्यामागे दोन लंबगोल स्पीकर, चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि बारा इंची वूफर. मुलगा म्हणतो, घ्याच. बायको म्हणते, त्यापेक्षा तेच पैसे नव्या छोट्या पिकअपच्या डाउन पेमेंटला लावा. आणि तुम्हाला तर घरी टीव्हीचा आवाजही पुरत नाही. एवढ्या जुन्या गाडीवर असा खर्च करणं वेडेपणा आहे का? करायचाच तर कुठला स्टिरिओ घेऊ?

नमस्कार.

कुठला स्टिरिओ, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. दुकानदाराचा हिशेब प्रामाणिक असेलही, पण त्याने तुमची गाडी दुकानासमोर, इंजिन बंद असताना पाहिली असणार. तशा गाडीत तुमचा आत्ताचा स्टिरिओसुद्धा बरा वाजत असेल. तो हरतो फर्मागुढीच्या चढावर. इंजिन, पत्रा, काचा, टायर यांचा गोंगाट आहे तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर आणखी आवाज ओतायचा, असा हा ४८ हजारांचा बेत आहे.

तो महाग का पडतो ते आकड्यांत पाहा. आवाज ३ डेसिबलने वाढवायला ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, ६ डेसिबलला चौपट. कानाला आवाज दुप्पट वाटावा तर साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे ताकद दहापट. आता उलटा हिशेब करा. केबिनमधला गोंगाट ६ डेसिबलने उतरला, तर आहे त्याच स्टिरिओला चौपट ताकद मिळाल्यासारखं होतं, आणि कानावर जादा भार पडत नाही. वीस वर्षं चाललेल्या, सांध्यासांध्यात सैल झालेल्या केबिनमधून तेवढा आवाज काढायला भरपूर वाव असतो.

स्टिरिओच्या खोक्यावर '४ गुणिले ५० वॅट' छापलेलं असतं, त्यालाही फार मान देऊ नका. गाडीची वीज चालू इंजिनावर फार तर १४.४ व्होल्ट. तेवढ्यावर, चार ओहमच्या स्पीकरला, बाहेरच्या ॲम्प्लिफायरशिवाय स्वच्छ अशी पंचवीसेक वॅटच्या वर ताकद निघूच शकत नाही. बाकीचे वॅट खोक्यावरच राहतात.

तुम्ही गाणारे आहात, म्हणून एक गोष्ट थोडी खोलात सांगतो. तुमचं इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. त्यात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. २४०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांना, सेकंदाला ८०. केबिनमधली घरघर बहुतांशी हा ८० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटी. तबल्याचा बायां, पखवाजाची धूम, तंबोऱ्याचा खर्ज हे सगळे याच टापूतले रहिवासी. शिवाय खालच्या पट्टीतला मोठा आवाज आपल्या वरच्या आवाजांनाही झाकतो. कानाची घडणच तशी आहे. (काळी एकमध्ये गात असाल तर तुमचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झचा. गाडी २०८० आरपीएमच्या आसपास असली की इंजिनाच्या सुराची दुप्पट नेमकी तिथे येते. म्हणजे चढावर गाडी तुमच्याआधीच सा लावून बसलेली असते, आणि ती दम घ्यायला थांबत नाही.) बारा इंची वूफर याच भरलेल्या टापूत आणखी गर्दी करणार. त्यात तुम्ही ऐकता ती जुन्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणं. त्यांच्यात खालचा बास मुळातच जेमतेम आहे. नसलेला बास वूफर आणणार कुठून?

आता घरच्यांनी टीव्हीबद्दल म्हटलेलं वाक्य. ते तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 'आवाज वाढवला तरी शब्द कळत नाहीत' हेही तुमचंच वाक्य. वर्षानुवर्षं गोंगाटात बसलेल्या माणसाचं ऐकणं सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी उतरतं, आणि स, श, फ, त, थ यांची धार असते त्याच बाजूला. स्वर ऐकू येतो, व्यंजनं निसटतात. मग माणूस आवाज वाढवतो. त्याने स्वर आणखी मोठे होतात, शब्द तसेच राहतात. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास, ही सावधगिरीची मर्यादा जगभर वापरली जाते, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. गोंगाटाने आतला कान एकदा झिजला की ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटची परीक्षा. रात्री, निजानीज झाल्यावर, गाडी अंगणात उभी करा. इंजिन बंद, काचा वर. रोजचा अभंग लावा आणि शब्द स्पष्ट कळायला आवाज कितीवर न्यावा लागतो ते पाहा. मग मुलाला शेजारी बसवून त्याला किती लागतो ते विचारा. दोघांच्या आकड्यांत फारसा फरक नसेल, तर दोष केबिनचा. तुम्हाला बराच जास्त लागत असेल, तर आधी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. त्यात सुई नाही, दुखणं नाही. कानात मळ साचलाय एवढंच निघालं तर स्टिरिओचे निम्मे पैसे वाचले म्हणा. पण अहवाल काहीही येवो, तो येईपर्यंत नवा ॲम्प्लिफायर नको.

कान ठीक निघाले, असं धरून पुढे जाऊ.

फोनवर आवाज मोजायचं एखादं ॲप घ्या. त्याचा आकडा अचूक नसतो, पण त्याच फोनने, त्याच जागी मोजलं तर आधीचा आणि नंतरचा फरक बरोबर कळतो. फोन मुलाच्या हातात, तुमच्या कानाच्या उंचीवर. एकच ठरलेला सपाट रस्ता, तिसऱ्या-चौथ्या गिअरमधला एकच ठरलेला वेग, स्टिरिओ बंद. एकदा काचा वर करून, एकदा खाली करून. हे दोन आकडे डायरीत लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक काम झाल्यावर हीच फेरी मारायची.

पहिलं काम गॅरेजमध्ये. काही आवाज झाकायचे नसतात, दुरुस्त करायचे असतात. चढावर जोर दिल्यावर बोनेटखालून फट्फट् येत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असेल. त्याचा धूर केबिनमध्ये येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तिथे आवाजाची काळजी दुसरी. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी हूं-हूं चाकाच्या बेअरिंगची. क्लच सोडताना खालून 'टक्' येत असेल तर मेस्ताला (मेकॅनिकला) प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघायला सांगा. इंजिन बंद करताना केबिन अंग झटकल्यासारखी हलत असेल तर इंजिनाच्या माउंटिंगचे रबर दगड झालेत. ती रबरं गेली असतील तर ती बदलल्याने जेवढा फरक पडतो तेवढा बाजारातल्या आवाज रोखणाऱ्या कुठल्याही महागड्या शीटने पडत नाही, कारण ८० हर्ट्झची ती थरथर चासीतून केबिनमध्ये येते ती याच वाटेने. सायलेन्सर आणि त्याची टांगती रबरंही याच फेरीत बघून घ्या.

माल उतरवून परतताना गाडी जास्त वाजते, हे तुम्हाला सांगायला नको. भार नसला की पाटे दबत नाहीत आणि हौद्याचे फाळके, म्हणजे बाजूच्या उघडणाऱ्या फळ्या, बडबडू लागतात. एका फाळक्याची कडी हाताने वरखाली हलवून पाहा. ज्या खुंटीवर ती बसते ती एका बाजूने झिजून चकचकीत झालेली दिसेल, आणि कडी व खुंटी यांच्यामध्ये बोटाचं नख आरामात शिरेल एवढी फट. प्रत्येक खड्ड्यात तिथे लोखंडावर लोखंड आपटतं. जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून खुंटीवर चढवा, साखळीवर सायकलच्या ट्यूबची नळी ओढा, आणि फाळका जिथे टेकतो त्या कडेला जाड रबराची पट्टी लावा. जुन्या कन्व्हेयर बेल्टची मिळाली तर उत्तम, ती वर्षानुवर्षं टिकते. जॅक, टॉमी, पाने सीटखाली सुटे लोळत असतील तर गोणपाटात गुंडाळून बांधा. हे सगळं एका दुपारचं काम, खर्च जवळजवळ शून्य. दुकानदाराच्या हिशेबात ते नव्हतं याचं मला नवल वाटत नाही.

नंतर फटी. आवाज पाण्यासारखा भोक शोधतो. केबिनच्या भिंतीत एक टक्का जरी जागा उघडी असेल, तर बाकीची भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या पलीकडे ती आवाज अडवू शकत नाही. म्हणून शीट चिकटवायच्या आधी फटी बुजवायच्या. दाराच्या चौकटीत शंभराची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकली तर तिथलं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, मेलेलं आहे. चारी बाजूंनी असं करत गेलात तर बहुतेक वरचा मागचा कोपरा आणि बिजागऱ्यांची बाजू सापडेल. मग काळोखात मुलाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकायला लावा आणि तुम्ही बाहेरून, चाकाच्या कमानीतून पाहा. जिथे उजेड दिसेल तिथून आवाज, धूर आणि पावसाचं पाणी तिन्ही आत येतात: पेडलची भोकं, वायरींभोवतीची निसटलेली रबरी कडी (ग्रोमेट), गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबरी बूट.

४०७ मध्ये सगळ्यात मोठी फट तुमच्या गुडघ्याशेजारीच आहे. इंजिनावरचं झाकण. त्याच्या कडेचं रबर सपाट होऊन पापडासारखं कडक झालेलं असतं, एखाददुसरा क्लॅम्प ओढत नाही, आणि आतल्या बाजूला कारखान्यातून आलेलं अस्तर तेल पिऊन लोंबत असतं. ते जुनं अस्तर पूर्ण खरवडून काढा. डिझेल-तेल मुरलेलं काहीही गरम इंजिनावर ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. त्या जागी अॅल्युमिनियमच्या पत्रीचं तोंड असलेलं, उष्णता सोसणारं अस्तर लावा, पत्री इंजिनाकडे. मॅनिफोल्डपासून अंतर राहील असं. गादीचा फोम, थर्माकोल, जुनी सतरंजी यांपैकी काहीही तिथे नको. कडेचं रबर नवं घाला आणि सगळे क्लॅम्प सारखे ओढतात ना ते बघा. एवढ्यावर थांबून पुन्हा ती ठरलेली फेरी मारा. बऱ्याच जणांचं काम इथेच बरंचसं झालेलं असतं.

इतकं करूनही पत्रा वाजतो आहे असं वाटलं तर शीट. बाजारात तीन प्रकारचा माल एकाच नावाने विकला जातो आणि तिथेच लोक फसतात. पत्र्याची थरथर मारायला ब्युटाइल रबराची, वर ॲल्युमिनियम असलेली चिकट शीट लागते. वाजत्या झांजेवर तळवा टेकला की नाद मरतो, तेवढंच तिचं काम. दारावर, छतावर, मागच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. जिथे 'टण्ण' वाजेल तिथेच, पत्र्याच्या मध्यभागी, पाव ते एक तृतीयांश भागावर ती पुरते. रोलरने दाबून तिच्यावरची नक्षी सपाट झाली पाहिजे, नाहीतर ती नुसतीच लटकते. अख्खी केबिन चंदेरी करून देणाऱ्याला नमस्कार करून परत यावं. डांबराची स्वस्त शीट गोव्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मऊ होते, वास सोडते आणि छतावरून गळून पडते, ती नकोच.

बाहेरून येणारा आवाज अडवायला मात्र वजन लागतं, थरथर मारणारी शीट तिथे फारशी कामाची नाही. त्यासाठी जड व्हिनाइलची चादर येते, साधारण चौरस मीटरला पाच किलोची. खाली बंद पेशींचा पातळ फोम, त्यावर ही चादर, त्यावर रबरी मॅट. भिंतीचं वजन दुप्पट झालं की ५-६ डेसिबल जादा अडतात, असा ढोबळ नियम आहे. कारवाले वजनाला भितात. तुम्ही रोज नारळाची पोती वाहता, तुम्हाला दहा-पंधरा किलोंचं काय! ही चादर पायाखाली आणि इंजिनाच्या भिंतीवर, जमेल तेवढी सलग. छताला फक्त ब्युटाइलचे तुकडे आणि फोम. त्याने दुपारी डोकं कमी तापेल, हा वरचा फायदा.

गोव्यात या कामाचा खरा वैरी गंज. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा. फरशीवर कार्पेट, जूट, नमदा घातला की तो पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गुपचूप सडतो. म्हणून शीट लावायच्या आधी मॅट काढून गंज तारेच्या ब्रशने घासा, रेडऑक्साइड मारा, वर रंग, आणि पूर्ण वाळू द्या. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, त्यांच्यावर शीट येता कामा नये. हे काम पावसात करू नका. चवथ उरकून पाऊस ओसरला की मग.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. तुमच्या गाडीत एसी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना चालकाची केबिन एसीची असणं सक्तीचं झालंय, पण तुमच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. उन्हाळ्यात काच खाली राहणार आणि उघड्या काचेपुढे सगळी शीटं निरुपयोगी. त्यातल्या त्यात इलाज असा: तुमच्या बाजूची काच वर, क्लीनरच्या बाजूची अर्धी खाली, आणि डॅशबोर्डवर छोटा पंखा. ओलांडून जाणाऱ्या गाड्या तुमच्या उजव्या कानाजवळून जातात, तो कान तेवढा सुटतो. कारइतकी शांतता मात्र येणार नाही. आणि यायलाही नको. बोरी-माशेलच्या आतल्या रस्त्यांवर वळणापलीकडच्या बसचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. याच कारणाने इअरफोन घालून चालवायचा विचारही करू नका.

आता स्टिरिओ. मोठा स्क्रीन कशाला? धक्क्याच्या रस्त्यावर बोट स्क्रीनवर नेमकं पडत नाही आणि नजर रस्त्यावरून हटते. आवाजासाठी गोल फिरणारी खुंटी असलेला, ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असलेला साधा एका खणाचा स्टिरिओ पुरे. मागे ॲम्प्लिफायर जोडायची जागा (प्रीआउट) असू द्या, पुढे कधी लागला तर. गाडीचा अँटेना मोडका असेल तर तो बदला. आकाशवाणी पणजी खरखरते याचा दोष बहुतेक वेळा त्याच दांडीचा असतो.

पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये. वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो. ८८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ चा घेतलात तर त्याच स्टिरिओवर अडीचपट ताकद लावल्यासारखं वाजतं. ते डोक्यामागे नकोत. केबिनच्या मागच्या भिंतीवरचा स्पीकर कानापासून हातभर अंतरावर असतो. एका कानात ओरडतो, दुसऱ्याला पोचत नाही. समोर, दाराच्या खालच्या भागात सव्वापाच किंवा साडेसहा इंची, आणि वरच्या पट्टीचे छोटे ट्वीटर काचेच्या खांबाशी, तुमच्याकडे तोंड करून. दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बुजवली नाहीत तर स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातो आणि बास नाहीसा होतो. मग लोक वूफर घ्यायला धावतात. दारातून पावसाचं पाणी उतरतं, म्हणून स्पीकरच्या डोक्यावर प्लॅस्टिकची छत्री हवी. इक्वलायझरवर बास जरा खाली, १ ते ३ किलोहर्ट्झ किंचित वर. शब्द पुढे येतील. आणि व्हॉट्सॲपवर दहा हातांतून फिरून आलेल्या क्लिपा स्टिरिओवर लावून मग स्टिरिओला नावं ठेवू नका.

वायरिंगला मात्र घाई नको. कायमची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभरावरच फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, तांब्याचीच वायर. हेडलाइटच्या वायरीवर जोड मारून देणारा कारागीर असेल तर तिथूनच मागे फिरा. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा पत्रा लागतो. इंजिन रेस केल्याबरोबर स्पीकरमधून वर चढणारी शीळ येत असेल, तर बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असतं. बसवायच्या आधी मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट. कमी भरत असेल तर आधी अल्टरनेटर.

हे वाचणाऱ्या टिपरवाल्यांसाठी दोन ओळी. मोठ्या गाड्यांत दोन बॅटऱ्यांची मिळून २४ व्होल्ट वीज असते. कारचा स्टिरिओ त्यातल्या एकाच बॅटरीवर जोडायची युक्ती करू नका. एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या. आणि मासळी वाहणाऱ्यांनी फरशीवरच्या शीटचा नादच सोडावा, खाऱ्या पाण्यापुढे ते टिकत नाही. फटी, माउंटिंग आणि दारं एवढ्यावरच थांबा.

राहिला घरातला वाद. वहिनी संगीताच्या विरोधात आहेत असं तुमच्या पत्रातून मला वाटलं नाही. त्यांना तुमच्या कानांची काळजी आहे आणि गाडीच्या वयाची. दोन्ही रास्त. नव्या छोट्या पिकअपला मात्र एकदा भाड्याची घेऊन, माल भरून, तीच फोन-फेरी मारा. तीही मालगाडीच आहे. नवी म्हणून मुकी असेलच असं नाही, आणि ४०७ एका फेरीत नेते ते तिच्यात मावेल का, हे तुम्हालाच माहीत. निर्णय गाडीच्या तब्येतीवर घ्या. चासी कुठे कुजली आहे का, पुढच्या पासिंगला मेस्त किती खर्च सांगतो, फिटनेसची फी किती; पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना ती अलीकडे बरीच वाढली आहे. गाडी आणखी तीन-चार वर्षं निघणार असेल तर माउंटिंग, बीडिंग, बेअरिंगचा खर्च कुठल्याही हिशेबात वाया जात नाही. वर्षभरात विकायची असेल तर शीट लावूच नका. विकताना त्याचा एक रुपया कोणी देत नाही. स्टिरिओ-स्पीकर तेवढे काढून नव्या गाडीत नेता येतात.

मुलाला वूफर हवाच असेल तर त्याला सांगा, दिवाळीपर्यंत माउंटिंग, फटी आणि झाकण एवढं करू, मग सगळे मिळून ऐकू. तेव्हाही खालचा भाग उणा वाटला तर सीटखाली मावणारा आठ इंची, ॲम्प्लिफायर आतच असलेला वूफर मिळतो. बारा इंचीला तुमच्या केबिनमध्ये जागाही नाही. तो आला की क्लीनर पाय कुठे ठेवणार?

आणि जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, मॅट आणि खालच्या चादरीचा कोपरा उचलून हात लावून बघा. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधून आधी तेवढंच काम करून घ्या, आणि दोन दिवस ती चादर पडवीत वाळत टाका.